चावी बंद केल्यावर

१

"गाडी बंद होते रे, पण जरा वेळानं होते," असं दाजी फोनवर म्हणाले तेव्हाच माझं डोकं फिरलं. इंजिन एकतर बंद होतं, नाहीतर होत नाही. चावी फिरवल्यावर थोडा विचार करून, मग बंद होणारं इंजिन मी बावीस वर्षांच्या मेकॅनिकगिरीत पाहिलेलं नाही. पण दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि ट्रक त्यांचा स्वतःचा, त्यामुळे त्यांच्या मते त्या ट्रकमध्ये बिघाड कधी होतच नाही. फक्त "जरा" काहीतरी होतं. ब्रेक जरा लांब लागतो. स्टेअरिंग जरा डावीकडे जातं. एकदा पुढचं चाक तीन नटांवर घेऊन आले होते, तेव्हासुद्धा चाक जरा हलतच होतं.

एरवी मी त्यांना सरळ पुढच्या आठवड्यावर ढकललं असतं. पण भाचीला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, आदल्या रात्री दवाखान्यात ठेवलं होतं. पहिलंच बाळंतपण, त्यात आठवा महिना, आणि डॉक्टरांनी "आईला बोलावून घ्या" असं सांगितलं होतं. ते गाव इथून सहा तासांवर, मधे घाट. दाजींना माल त्याच गावी टाकायचा होता, म्हणून ताई ट्रकनेच जाणार होती. तिनं मला सकाळी स्वच्छ बजावलं, की चावीला न जुमानणाऱ्या गाडीतून मी घाट उतरणार नाही. बाराच्या आत नीट करून दे, नाहीतर मी बाराची बस धरते. त्यानंतर दुसरी बस नव्हती.

नऊ वाजता दाजी आले. शेडसमोर ट्रक लावला आणि खिडकीतून माझ्याकडे हसून बघितलं. मी म्हटलं, करा बंद.

चावी फिरल्याचं मला दिसलं. इंजिन चालूच राहिलं. सवयीनं मी मनात आकडे मोजायला लागलो. सातला इंजिन बंद झालं. आचके नाहीत, धूर नाही, अगदी एका झटक्यात. दुसऱ्यांदा पाहिलं, सात. तिसऱ्यांदा, सात.

"बघ, होते की नाही?" दाजी म्हणाले. त्यांना केवढा आनंद झाला होता.

हळूहळू बिघडणारी वस्तू कधी तीन, कधी दहा असा हिशेबाविना वेळ घेते. दर वेळी बरोबर सात घेत नाही. हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. पण घड्याळ पुढे चाललं होतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

२

या ट्रकला इंजिन बंद करायला सोलेनॉइड आहे. मुठीएवढा लोखंडी डबा, आत तारेचं वेटोळं आणि मधे एक दांडा. चावी बंद केली की वेटोळ्यात करंट येतो, दांडा आत खेचला जातो आणि पंपावरचा बोटभर लिव्हर ओढतो. डिझेल तुटतं, इंजिन थांबतं. एवढं साधं काम. दांडा अडकला की लिव्हर हातानं ओढावा लागतो, म्हणून दोघांना जोडणाऱ्या सळईला लांबट भोक ठेवलेलं असतं.

हे सगळं बसवलंय उजव्या पुढच्या चाकाच्या वर, पत्र्यामागे. ज्यानं ही जागा ठरवली त्याला एकदा तरी स्वतःचा हात तिथे घालायला लावायला हवा होता. मी स्टेअरिंग पूर्ण वळवून घेतलं, चाकाशी उकिडवा बसलो, टॉर्च दातांत धरला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. धूळ आणि डिझेल मिळून बोटभर जाडीचा काळा थर बसलेला. पंपावर थर, पाइपांवर थर, सोलेनॉइडचा तर आकारही कळत नव्हता.

लिव्हर तेवढा लख्ख होता. रोज हात लागणाऱ्या दाराच्या कडीसारखा.

मी डोकं बाहेर काढून दाजींना विचारलं, किती दिवस झाले हातानं ओढताय? ते म्हणाले, मी कशाला ओढू? मग स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं. खरं होतं. त्या पोटाला त्या फटीत कोणी घेतलं नसतं. बरोबर कोणी असतं का, असं विचारलं तर म्हणाले, क्लीनर गेला त्याला चार महिने झाले, तेव्हापासून एकटाच असतो.

दोन बोल्टांपैकी एक मुकाट्यानं सुटला. दुसऱ्यानं माझ्या तीन बोटांची सालं काढली, पाना दोनदा घसरवला, आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्यावर कुठे हलला. सोलेनॉइड बाहेर आला तेव्हा दहा वाजले होते. बॅटरीच्या दोन वायरी लावून पाहिलं, तर नुसतीच गुणगुण झाली. दांडा ढिम्म. गंजून अडकला होता, आणि तोही कालपरवाचा नाही. गंजाचे पापुद्रे एकावर एक चढले होते. हा दांडा गेल्या कित्येक महिन्यांत केसभरही हललेला नव्हता.

मग इतके दिवस गाडी बंद कशानं होत होती, हे मी दाजींना विचारलं नाही. ते म्हणाले असते, चावीनं.

३

शेडच्या आत बाकावर मी सोलेनॉइड शिकंज्यात धरला. गंज सोडवणारं तेल पाजलं, दहा मिनिटं मुरू दिलं, मग लाकडी हातोडीनं हलकेच ठोकत बसलो. जोरात ठोकलं तर वेटोळं जातं आणि हळू ठोकलं तर दिवस जातो. माझ्यासारख्या तापट माणसानं करायचं हे कामच नाही. शेवटी दांडा तिळातिळानं सरकला आणि बाहेर आला. लाल भुकटी बाकभर सांडली. बारीक पॉलिश पेपरनं तो घासून मी चकचकीत केला.

तेवढ्यात बाहेर एका टेम्पोला वाट हवी होती. मी आतूनच ओरडून दाजींना ट्रक दहा फूट मागे घ्यायला सांगितलं. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, ट्रक मागे गेला. "केली बंद," दाजी म्हणाले.

चार, पाच, सहा, सात. इंजिन बंद झालं.

सोलेनॉइड माझ्या तळहातावर होता. मी त्याच्याकडे बघत तसाच उभा राहिलो. मग बाहेर गेलो. ट्रकच्या आसपास कोणी नव्हतं. टेम्पो कोपऱ्यावर पोचला होता. दाजी वर बसून कान कोरत होते. डावीकडचं दार वीतभर उघडं होतं.

मी म्हटलं, "दार का उघडलंत?"

"ते आपोआप उघडतं. लॅच जरा ढिलं आहे."

मी लॅच पाहिलं. ढिलं वगैरे काही नव्हतं. आतून हँडल दाबल्याशिवाय ते दार माझ्याच्यानं उघडेना. दाजी वरून म्हणाले, डिझेलमध्ये हवा आली असेल, म्हणून इंजिन बंद पडलं असेल. नेमकं हेच कारण मी स्वतःला पटवत होतो. दाजींच्या तोंडून ऐकल्यावर ते किती फालतू आहे ते कळलं.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला लाज वाटते. दाजींना चहा प्यायला पाठवलं. डाव्या, क्लीनरच्या सीटवर चढून बसलो. दार उघडून उतरलो, ट्रकच्या पुढून वळसा घालून उजव्या चाकाशी आलो, आत हात घातला आणि लिव्हर धरला. मनात आकडे मोजत होतो.

सात झाले.

पुन्हा एकदा केलं. या वेळी चप्पल नीट करायला थांबलो, म्हणून आठ. मग मी स्वतःला एक शिवी घातली आणि शेडमध्ये जाऊन कामाला लागलो.

४

साडेदहाला ताई आली. हातात पिशवी, खांद्याला पर्स, आणि कानाला फोन. भाचीला धीर देत देत ती बाकावर टेकली. फोन ठेवून मला म्हणाली, "छोट्या, झालं का?" मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, पण तिच्यासाठी छोट्याच. झालंच, असं मी सांगितलं.

सोलेनॉइड जागेवर बसवला, सळई लिव्हरला अडकवली, वायर जोडली. दाजींनी इंजिन सुरू केलं, चावी बंद केली. टक. दांडा आत गेला आणि इंजिन तिथल्या तिथे गप्प झालं. आपल्या हातचं काम असं चोख झालं की मला अजूनही लहान पोरासारखा आनंद होतो. बसची गरज नाही, वाटेत खायला काहीतरी बांधून घे, असं मी ताईला ओरडून सांगितलं.

हात अजून आत होता. बोटं लिव्हरवर होती. इंजिन बंदच होतं, आणि मी उगाचच सुरू केलेली मोजणी सातावर आली.

लिव्हर माझ्या बोटांखालून मागे गेला. दांडा हलला नाही, टक झालं नाही. नुसता लिव्हर गेला, दोन क्षण तिथेच राहिला आणि सुटला.

मी हात काढून घेतला. स्प्रिंग, मी स्वतःला सांगितलं. लिव्हरची स्प्रिंग थकली असेल. दाजींना म्हटलं, परत एकदा करा. या वेळी मी हात न घालता टॉर्चनं बघत होतो. चावी बंद, टक, इंजिन गप्प, आणि पाचला लिव्हर हलला. पुढच्या वेळी तीनला. त्यापुढच्या वेळी दाजींचा हात चावीकडे निघाला होता, चावीला लागला नव्हता, तेवढ्यात इंजिन बंद झालं.

"बघ, आता तर आधीच होते," दाजी म्हणाले. पण या वेळी हसले नाहीत.

शेवटी त्यांनी इंजिन चालू ठेवलं आणि आळस द्यायला दोन्ही हात वर केले. इंजिन बंद पडलं. चावी चालूच होती.

ताई उठून जवळ आली होती. तिला सोलेनॉइड कळत नाही, पंप कळत नाही. पण तीस वर्षं ड्रायव्हरची बायको आहे. उतारावर इंजिन गेलं तर स्टेअरिंग दगडाएवढं जड होतं आणि ब्रेकची हवा भरायची थांबते, हे तिला कोणी सांगायला नको.

"घाटात असं झालं तर?" तिनं विचारलं.

मी तिच्यावरच खेकसलो. म्हटलं, घाटात कसं होईल, मी मेलो आहे का इथे?

५

नवी स्प्रिंग टाकली. वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. चावीचा स्विच खोलून पाहिला. सगळं ठाकठीक होतं, आणि सगळं ठाकठीक असलं की मेकॅनिकला जो संताप येतो तो दुसऱ्या कोणाला कळायचा नाही. मधल्या काळात ट्रक चार वेळा आपणहून बंद पडला. बारा कधी वाजून गेले ते मला कळलं नाही. ताईला कळलं असणार. तिनं मला बसची आठवण करून दिली नाही, आणि तेच जास्त लागलं.

दोन भाग एकमेकांना कुठे घासतात ते बघायचं असेल तर आम्ही त्यांवर ग्रीस चोपडतो आणि ते पुसलं कुठे जातं ते पाहतो. मी लिव्हरला ग्रीस फासलं. दाजींना इंजिन सुरू करून खाली उतरायला लावलं. ती दोघं शेडच्या दाराशी, माझ्या नजरेसमोर बसली. डावीकडचं दार मी स्वतः आपटून लावलं. मग चाकाशी बसून डोकं पत्र्यामागे घातलं.

इंजिनाच्या पुढे जाळी आहे. तिच्या फटींमधून बाहेरचं ऊन आत येतं, त्याचे उभे पट्टे इंजिनावर पडतात. मी लिव्हरकडे बघत होतो, पण पट्टे डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत होते.

डावीकडचा पहिला पट्टा गेला. मग दुसरा. पहिला परत आला, तिसरा गेला. कोणी घरापुढच्या कुंपणाबाहेरून चालत जातं तेव्हा घरात बसून जसं दिसतं तसं. घाई नव्हती. एकेक पट्टा झाकत, एकेक सोडत ते माझ्या बाजूला येत होतं. मधे इंजिनाचा आवाज एवढा मोठा की दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. उजवीकडचा शेवटचा पट्टा गेला आणि मी डोकं बाहेर ओढलं. पत्र्याची कड कानशिलात बसली.

शेजारी कोणी नव्हतं. इंजिन बंद झालं.

शेडच्या दाराशी ताई आणि दाजी होते तसेच बसलेले. ताई फोनवर बोलत होती. मग टॉर्च घेऊन आत पाहिलं. लिव्हरवरचं ग्रीस दोन ठिकाणी पुसलं गेलं होतं, वरच्या बाजूला अंगठ्याएवढं आणि खालच्या बाजूला दोन बोटांएवढं. माझा हात त्या फटीत खालून जातो. हा समोरून आला होता.

६

साडेबारा वाजून गेले होते. ताईनं फोन ठेवला आणि सांगितलं, की संध्याकाळी भाचीला आत घेणार आहेत, ऑपरेशन करावं लागेल. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "पोरगी सारखं एकच विचारतेय, आई निघाली का."

बस माझ्यामुळे गेली होती. सकाळी मी ट्रकला हात लावला नसता तर सात आकडे मोजत, कुरकुरत का होईना, ही दोघं कधीच घाट उतरून गेली असती. हे मला सहन होत नव्हतं. आणि संतापाच्या भरात माणूस जसा विचार करतो तसा मी विचार केला. चार महिने गाडी चावी फिरवल्यावर सातला बंद होत होती. रस्त्यात एकदाही बंद पडली नव्हती. ज्यानं कोणी लिव्हर ओढला त्यानं चावी बंद झाल्यावरच ओढला. आज मी ते काम सोलेनॉइडला दिलं, आणि तेव्हापासून ही लुडबुड सुरू झाली. माझ्या जुन्या कारखान्यात एक म्हातारा फिटर होता. त्याचं काम नव्या माणसाला दिलं की तो दिवसभर मधे मधे हात घालायचा. परत दिलं की गप्प बसायचा.

मी चाकाशी बसलो आणि दोन तासांपूर्वी जोडलेली वायर काढली. टोकाला टेप गुंडाळली. दांडा इतका सुरेख घासलेला, आणि तो मीच बेकार करून ठेवला.

दाजींना इंजिन सुरू करायला सांगितलं. पाच मिनिटं चालू ठेवलं. बंद पडलं नाही. दहा मिनिटं झाली, तरी नाही. मग चावी बंद. सात. पुन्हा, सात. पुन्हा, सात. तिन्ही वेळा डावीकडचं दार वीतभर उघडलं आणि तिन्ही वेळा मी ते लावलं.

"दाजी, सात आकडे लागतील," मी म्हटलं. "लागू द्या. वाटेत कोणा मेकॅनिकला हात लावू देऊ नका."

"मी सकाळपासून वेगळं काय सांगत होतो?" दाजी म्हणाले.

७

ताईचे दोन्ही गुडघे गेलेत. ट्रकमध्ये चढायला तिला खाली स्टूल लागतं, वरून दाजींचा हात लागतो आणि मागून माझा खांदा. तिला डाव्या दारातून वर ढकलताना माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला, की ही सीट रिकामी नाही, आणि मी म्हटलं, ताई, मधे सरकून बस ना, दाजींच्या जवळ.

"गिअरचा दांडा गुडघ्यात घेऊन सहा तास बसू?" ती म्हणाली. "काहीतरीच तुझं."

सांगण्यासारखं होतं तरी काय? दार लावलं. ट्रक निघाला. फाटकाशी पोचला आणि थांबला. दाजींनी उजव्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून हाक मारली, की मालाचे कागद तुझ्या बाकावर राहिले, आण लवकर. आणि सवयीनं चावी बंद केली.

मी कागद घेऊन धावत निघालो. ट्रकच्या पुढे पोचलो तेव्हा डावीकडचं दार उघडत होतं.

ताई उतरली. कशालाही न धरता, न अडखळता, पायऱ्यांकडे न बघता. खाली स्टूल नव्हतं. ट्रकच्या पुढून ती माझ्या अंगावरून गेली, इतक्या जवळून की तिचा पदर माझ्या हाताला लागला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. भरभर नाही, रेंगाळत नाही, अशी चालत ती उजव्या चाकाशी आली, गुडघ्यांत वाकली, आणि जिथे माझा हात सालं काढल्याशिवाय जात नाही तिथे समोरून हात घातला.

इंजिन बंद झालं.

"सात!" दाजी वरून म्हणाले. ते अजून शेडकडेच बघत होते. "अगदी बरोबर सात."

ताई सरळ उभी राहिली. मग तिचे गुडघे थरथरले आणि तिनं पत्र्याला हात टेकला. आजूबाजूला बघितलं, मला बघितलं, आणि तिच्या कपाळावर नेहमीची आठी पडली.

"असा काय उभा आहेस? चढव मला वर. उशीर होतोय."

तिनं हात पुढे केला. अंगठ्यावर आणि दोन बोटांवर ग्रीस होतं. मी तो हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचो तसा, दोन्ही हातांनी.

वर दाजींनी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं. ताई म्हणाली, "छोट्या, सोड. पोरगी वाट बघतेय." ती हात ओढायला लागली, आधी हळू, मग चिडून, मग तिच्यात नसलेल्या जोरानं. मी सोडला नाही.